जयकर ग्रंथालयातले जयकर आणि पेट्रोलचा खटला

पाण्याची_बाटली (पुणे)

नमस्कार मंडळी. एलएल.एम. करतेय, पहिलं वर्ष. माझा निम्मा दिवस विद्यापीठातल्या जयकर ग्रंथालयात जातो. सकाळी पाण्याची बाटली ठेवून जागा धरते, म्हणून हे नाव घेतलंय. इतके दिवस जयकर म्हणजे पुस्तकांसाठी देणगी दिलेले कुणी शेठजी असतील अशी माझी समजूत होती. हसा, हरकत नाही. मग कळलं की पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू.

आता मूटसाठी (कॉलेजातला लुटुपुटूचा खटला) विषय आलाय: पेट्रोल जीएसटीत आणायचं की नाही. सर म्हणाले, मुळापासून सुरुवात कर, सी.पी. अँड बेरारचा (मध्य प्रांत आणि वऱ्हाड) निकाल काढ. ए.आय.आर. (निकालांचे छापील खंड) १९३९, फेडरल कोर्ट, म्हणजे सुप्रीम कोर्टाच्या आधीचं, पान १. काढला. न्यायमूर्ती तीन: ग्वायर, सुलेमान आणि जयकर. एम. आर. जयकर! मी त्यांच्याच नावाच्या इमारतीत बसून त्यांचंच मत वाचतेय हे लक्षात यायला दहा मिनिटं गेली.

घरी येऊन रूममेटला सांगितलं. ती इतिहासवाली. ती म्हणते, "छे, जयकर राजकारणी होते. स्वराज पक्षाचे, पुणे करारावर सही असलेले." आता माझा क्रमच लागत नाहीये. हे सगळे एकच का? एकच असतील तर राजकारणातला माणूस थेट फेडरल कोर्टात कसा गेला? आणि हा निकाल तीन वेगवेगळ्या मतांचा आहे, भरपूर लांब आहे. फक्त ग्वायरसाहेबांचं वाचून भागेल का? मूट पुढच्या शनिवारी आहे.

गिरगावकर६२

सगळे एकच. मुकुंद रामराव जयकर. लिंकन्स इनचे बॅरिस्टर, १९०५ पासून मुंबई हायकोर्टात वकिली. जालियनवाला बागेच्या चौकशीसाठी काँग्रेसने जी समिती नेमली त्यात मोतीलाल नेहरूंच्या जागी हे आले. १९२३ ला मुंबई कौन्सिलात निवडून गेले, तिथे स्वराज पक्षाचे नेते. नंतर केळकर आणि मुंजे यांच्याबरोबर प्रतियोगी सहकारितावाले, म्हणजे सरकारशी जशास तसं सहकार्य करू म्हणणारे. १९२६ ला दिल्लीच्या मध्यवर्ती असेंब्लीत. १९३० साली सप्रू-जयकर जोडी गांधीजी आणि व्हाइसरॉय यांच्यात मध्यस्थी करत होती, त्यासाठी नेहरू पितापुत्रांना नैनीच्या तुरुंगातून येरवड्याला आणलं होतं. रूममेटला माझा नमस्कार सांगा, तिचं बरोबर आहे. तुमचंही बरोबर आहे. कायद्यातलं मला कळत नाही, ते जाणकार सांगतील.

वऱ्हाडी_विक्रीकर

पोरी, जाणकार वगैरे मी नाही, पण या एका निकालाशी माझी जुनी ओळख आहे. थोडं लांबेल. चहा घेऊन बस.

मी चाळीस वर्षं विक्रीकराची वकिली केली, आधी अमरावतीत, मग नागपुरात. आता डोळे साथ देत नाहीत म्हणून मुलगा बघतो. ते पोर्टल आणि ते ओटीपी त्यालाच लखलाभ. १९८३ साली मी ज्युनियर म्हणून लागलो तेव्हा आमच्या वकीलसाहेबांनी पहिलं काम दिलं ते कोर्टातलं नव्हतंच. परतवाडा रोडवर एक पेट्रोलपंप त्यांचा पक्षकार होता. तिथे जायचं आणि इंजिन ऑइलचे डबे मोजून यायचे. मी काळा कोट घालून गेलो! भर उन्हाळ्यात, अमरावतीच्या. पंपावरचा माणूस डिपचा दांडा फडक्याने पुसायचा, टाकीत सोडायचा, वर काढून ओली खूण कुठवर आली ते बघायचा आणि रजिस्टरात लिहायचा. त्या रकान्यावर मथळा होता 'एम.एस.' मी विचारलं, एम.एस. म्हणजे काय? तो म्हणाला, "पेट्रोल." बरं, पण एम.एस. म्हणजे काय? मालकालाही सांगता येईना.

संध्याकाळी साहेबांना विचारलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "मोटर स्पिरिट. जा, सी.पी. बेरार काढ आणि हाताने उतरवून आण. तिन्ही."

झेरॉक्स होती हो तेव्हा. पण साहेबांचा हुकूम म्हणजे हुकूम. पुस्तकाचा कणा निघालेला, सुतळीने बांधलेलं, कसर लागलेली. अकरा संध्याकाळी गेल्या. फूलस्केप कागद, शाईचा पेन. शेवटी नेऊन दिलं तर न वाचताच बाजूला ठेवलं आणि विचारलं, "तिघांचा निकाल एकच आहे. मग तिघांनी तीनदा का लिहिलं?" मला उत्तर आलं नाही. म्हणाले, आलं की सांग. ते आता हयात नाहीत. उत्तर थोडंबहुत हाती लागलंय ते तुला सांगतो.

आधी खटला. १९३८ साली आमच्या सी.पी. अँड बेरार प्रांताने (राजधानी नागपूर, काँग्रेसचं मंत्रिमंडळ) मोटर स्पिरिट आणि वंगणाच्या किरकोळ विक्रीवर शेकडा पाच कर बसवला. दिल्ली म्हणाली, पेट्रोलवरचा अबकारी आमचा. १९३५ च्या भारत सरकार कायद्यात पहिल्या यादीची, म्हणजे केंद्राच्या विषयांची, ४५ वी नोंद, मालाच्या उत्पादनावरचं शुल्क. ते आम्ही रिफायनरीच्या दारात घेऊ नाहीतर पंपावर घेऊ, तुम्ही मध्ये यायचं नाही. नागपूर म्हणालं, दुसऱ्या, प्रांतांच्या यादीची ४८ वी नोंद बघा, मालाच्या विक्रीवरचा कर प्रांताचा. मग गव्हर्नर जनरलनी कलम २१३ खाली फेडरल कोर्टाचं मत मागवलं. डिसेंबर १९३८ मध्ये मत आलं: प्रांताला हा कर लावता येतो. अबकारी बसतो तो माल तयार करणाऱ्यावर, तयार केला म्हणून. विक्रीकर बसतो विकला म्हणून. एकाच गॅलनवर दोन्ही बसतील, पण दोन वेगळ्या कारणांसाठी. एकीचा अर्थ इतका ताणायचा नाही की दुसरी नोंद कागदावरच राहील. एकाच म्हशीच्या धारा दोन धनी काढणार, तर कासेत दोघांनाही जागा ठेवा, इतकं साधं.

आता जयकर. १९२७ साली दिल्लीत रस्त्यांसाठी एक समिती बसली, भारतीय रस्ते विकास समिती. अध्यक्ष कोण? असेंब्लीचे सभासद मुकुंदराव जयकर. मोटारी वाढत होत्या, बैलगाडीसाठी केलेले रस्ते उखडत होते, आणि रस्ते हा विषय प्रांतांचा असल्यामुळे दिल्ली हात झटकून मोकळी. समितीने सांगितलं, आता रस्ता एकट्या प्रांताला झेपत नाही. पेट्रोलवर जादा कर घ्या आणि तो पैसा वेगळा ठेवून रस्त्यांना द्या. मार्च १९२९ पासून गॅलनमागे दोन आणे जादा लागले आणि रस्तानिधी उभा राहिला. आज आपण पंपावर रस्त्यासाठी सेस भरतो ना, त्याचा आजा तो.

म्हणजे बघ: पेट्रोलवर कर घ्या असं ज्याने आमदारकीत सांगितलं, तोच माणूस दहाएक वर्षांनी पेट्रोलवर कर कुणी घ्यायचा हे सांगायला न्यायासनावर बसला. आणि दिल्लीच्या तिजोरीचा ज्या कराशी संबंध होता तो स्वतःच्या समितीने वाढवून दिलेला असूनही मत दिलं प्रांताच्या बाजूने.

एवढंच नाही. १९३५ चा जो कायदा ते वाचत होते, तो कुठे शिजला? गोलमेज परिषदेत. तिथे जयकर होते. मग १९३३ साली लंडनला पार्लमेंटच्या संयुक्त समितीपुढे हिंदी प्रतिनिधी गेले, त्यातही होते. पहिली यादी, दुसरी यादी, कुणाला कुठला कर, ही घासाघीस ज्याने समोर बसून बघितली, त्याला पुढे कुणी विचारलं की या दोन नोंदींचा मेळ कसा घालायचा. कायदा पुस्तकातून शिकलेला न्यायाधीश आणि कायदा होताना खुर्चीत बसलेला न्यायाधीश, निकाल एकच देतील. लिहितील वेगळं. साहेबांच्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच.

थेट कोर्टात कसे गेले? १९३५ च्या कायद्याचं कलम २०० बघ. हायकोर्टात पाच वर्षं न्यायाधीश असावं, किंवा दहा वर्षांचा बॅरिस्टर असावा, किंवा हायकोर्टात दहा वर्षं वकिली केलेली असावी. जयकर हायकोर्टाचे न्यायाधीश कधीच नव्हते. बॅरिस्टरकीची तीस वर्षं झालेली. राजकारण केलं म्हणून अपात्र, असं तेव्हाही कुठे लिहिलं नव्हतं आणि आजच्या घटनेच्या कलम १२४ मध्येही लिहिलेलं नाही. १ ऑक्टोबर १९३७ ला कोर्ट सुरू झालं. तिघेच न्यायाधीश, आणि कोर्ट भरायचं ते जुन्या संसद भवनातच, नरेंद्र मंडळाच्या (संस्थानिकांच्या सभेच्या) दालनात. म्हणजे बिचारे इमारत न बदलता आमदाराचे न्यायाधीश झाले. १९३९ ला तिथून लंडनला प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपिलाच्या कोर्टात.

वाचायचं काय? ग्वायर आधी वाच, सांगाडा तिथे आहे. पण जयकर सोडू नकोस. आणि मग आजच्या घटनेची सातवी अनुसूची उघड. पहिल्या यादीत नोंद ८४, केंद्राचा अबकारी. दुसऱ्या यादीत नोंद ५४, राज्यांचा विक्रीकर. २०१६ मध्ये जीएसटीसाठी घटनादुरुस्ती झाली तेव्हा दोन्ही कापूनकुपून छोट्या केल्या, पण दोन्हीत मोटर स्पिरिट शिल्लक आहे. ५४ मध्ये तर मोटर स्पिरिटपुढे कंसात लिहिलंय की याला पेट्रोल म्हणतात. परतवाडा रोडवरच्या त्या मालकाला घटनेनेच उत्तर दिलं म्हण, तेहतीस वर्षं उशिरा.

चेंबर_नाही_ओटा_आहे

काका, लिहिलंय सुंदर, पण मला हे सगळं थोडं धोकादायक वाटतं. तुम्ही कौतुकाने सांगताय की ज्याने कायदा घडवला त्यानेच अर्थ लावला. मी तालुका कोर्टात वकिली करतो (चेंबर नाही, नावात आहेच). माझ्या पक्षकाराला कळलं की समोरचे साहेब काल अमुक पक्षाचे आमदार होते, तर तो निकालाआधीच अपील कधी करायचं ते विचारेल.

बहरुल इस्लाम विसरलात का? आसामचे वकील, राज्यसभेचे खासदार. १९७२ मध्ये राजीनामा देऊन गौहाटी हायकोर्टात न्यायाधीश, तिथेच मुख्य न्यायाधीश, १९८० च्या मार्चमध्ये निवृत्त. त्याच डिसेंबरात चक्क सुप्रीम कोर्टात! १९८२ च्या डिसेंबरात बिहारचे मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्यावरचा खटला मागे घ्यायला बहुमताने परवानगी दिली त्या बहुमतात हे. आपले न्यायमूर्ती तुळजापूरकर साहेब विरोधात. जानेवारी १९८३ मध्ये, निवृत्तीला दीड महिना असताना राजीनामा, आणि लगेच बारपेट्यातून काँग्रेसची लोकसभेची उमेदवारी. तिथे निवडणूक झाली नाही तर परत राज्यसभा. आता यांनी प्रत्येक निकाल स्वच्छ मनाने दिला असेल, मी नाही म्हणत नाही. पण माझ्या ओट्यावर बसणाऱ्या माणसाला ते कसं पटवू?

वऱ्हाडी_विक्रीकर

ओटेवाले, तुमचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. पण एका बहरुल इस्लामांपुढे कृष्ण अय्यरही ठेवा. थलश्शेरीचे वकील, १९५२ ला मद्रास विधानसभेत, १९५७ ला नंबुद्रिपादांच्या मंत्रिमंडळात. कायदा, गृह, तुरुंग, पाटबंधारे असली खाती. १९६८ ला केरळ हायकोर्टात. १९७३ ला सुप्रीम कोर्टात नेमले तेव्हा मुंबईच्या वकिलांनीच आरडाओरडा केला होता, तुमच्यासारखाच. पुढे रतलामचा निकाल आला, १९८० चा. नगरपालिका म्हणते गटार बांधायला पैसे नाहीत, आणि हे म्हणतात, पैसे नाहीत हे कारण चालणार नाही, बांधा. खातं सांभाळलेल्या माणसाला 'पैसे नाहीत' या वाक्याची किंमत बरोबर कळते.

आणि के. एस. हेगडे. राज्यसभेतून म्हैसूर हायकोर्टात, मग सुप्रीम कोर्टात. केशवानंद भारतीचा निकाल (घटनेची मूळ चौकट संसदेलाही मोडता येत नाही) सरकारला झोंबला, ज्येष्ठता डावलून ए. एन. रे यांना सरन्यायाधीश केलं, तेव्हा शेलट आणि ग्रोव्हर यांच्याबरोबर राजीनामा दिला. ते त्याच पक्षाच्या सरकारविरुद्ध गेले ज्याने त्यांना एकेकाळी खासदार केलं होतं.

माझं मत सांगतो. आधी कुठे होता हे बघू नका, नंतर कुठे जाणार ते बघा.

चेंबर_नाही_ओटा_आहे

मग जयकरांचंही बघू की काका. ते नंतर कुठे गेले? संविधान सभेत! १९४६ ला, मुंबईतून, काँग्रेसच्या मतांवर निवडून. तुमच्याच काट्याने ते तोलले जात नाहीत.

वऱ्हाडी_विक्रीकर

मान्य. वाक्य जरा जास्तच गोळीबंद झालं माझं. तेवढं मागे घेतो.

पण तिथे काय केलं तेही नोंदवा. १९४६ च्या डिसेंबरात नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. सगळ्या सभागृहाला तो त्याच दमात मंजूर करायचा होता, आणि हे उठून उपसूचना आणतात की मुस्लिम लीग आणि संस्थानं आलेली नाहीत, थांबा. ज्यांच्या मतांवर आले त्यांनाच नकोसं होणारं बोलले. कुणी खूश नव्हतं. १७ डिसेंबरला बाबासाहेब बोलायला उठले आणि त्यांनी जयकरांच्या थांबण्याच्या मुद्द्याला पाठिंबा दिला. ठराव पुढे जानेवारीत मंजूर झाला. तेव्हा हा न्यायाधीशाचा स्वभाव होता की मुरलेल्या विरोधी नेत्याचा, तुम्ही ठरवा. मला तर दोन्ही एकाच अंगरख्याचे खिसे वाटतात.

गिरगावकर६२

मध्येच तोंड घालतो. पुढची गोष्ट तर सांगा कुणीतरी! जयकरांनी संविधान सभा सोडली, मुंबईची ती जागा रिकामी झाली. तिकडे फाळणीमुळे बाबासाहेबांची बंगालमधली जागा गेलेली. जुलै १९४७ मध्ये बाबासाहेब मुंबईतून निवडून आले ते जयकरांच्याच रिकाम्या जागेवर. आमच्या चाळीत हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

पाण्याची_बाटली (पुणे)

बाप रे. मी तीन प्रश्न विचारले आणि तुम्ही अख्खा प्रांत उभा केलात. सगळ्यांचे आभार.

काल ग्वायर संपवले, आज जयकर अर्धे झाले. कबूल करते की डोकं भणभणलं. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, कुठून कुठून दाखले. काका, तुम्ही हे शाईच्या पेनाने उतरवलंत? मी पीडीएफवरून कॉपी-पेस्ट करतानाही दमले. एक मात्र झालं. नोंद ४८ आणि ४५ शेजारी लिहून खाली ५४ आणि ८४ लिहिल्या, तेव्हा पहिल्यांदा कळलं की सर मला ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं मागे का पाठवत होते.

त्यांचं आत्मचरित्र ग्रंथालयात शोधलं, इंग्रजी, दोन खंड. दुसरा खंड १९२५ ला संपतो. म्हणजे समिती नाही, गोलमेज नाही, फेडरल कोर्ट नाही, मला हवं ते काहीच नाही!

आता खरी अडचण सांगते. मूटमध्ये मला केंद्राची बाजू आलीय. म्हणजे १९३८ ला हरलेली.

वऱ्हाडी_विक्रीकर

अगं मग मजा आहे. हरलेली बाजू वाईट नव्हती. सर ब्रजेंद्र मित्तरांनी दिल्लीकडून जो युक्तिवाद केला तो नीट वाच: कर कुठल्या टप्प्यावर घेतला यावर त्याची जात ठरत नाही, घाव शेवटी मालावरच पडतो. तेव्हा दोन नोंदी होत्या म्हणून हरले. तू विचार, की एकाच मालावर दोघांनी दोन नावांनी कर घेणं हे ज्यासाठी जीएसटी आणला त्याच्याच विरुद्ध नाही का? समोरचा उत्तर देईल, राज्यांचं उत्पन्न बुडतं. त्यावर नुकसानभरपाईचा मुद्दा तयार ठेव. पाठ मात्र करू नकोस, परीक्षकाला लगेच वास येतो.

चेंबर_नाही_ओटा_आहे

आणि तिन्ही मतं वेगळी लिहिलीत हे परीक्षकाला आवर्जून सांगा. कुणी वाचत नाही तिसरं. निम्मं काम तिथेच होईल. (काकांशी माझा वाद चालूच आहे, पण हे त्यांचं खरं आहे.)

पाण्याची_बाटली (पुणे)

काका, एक विचारू? ते फूलस्केप अजून आहेत का? फोटो टाकाल?

वऱ्हाडी_विक्रीकर

आहेत. माळ्यावर, ट्रंकेत, सी फॉर्मच्या जुन्या गठ्ठ्याखाली. सुलेमानसाहेबांची काही पानं उंदराने खाल्लीत, जयकर शाबूत आहेत. मला आता शिडी चढू देत नाहीत. रविवारी मुलगा घरी असतो, त्याला चढवतो.